वाणातल्या गोगलगायी

बागेचे किस्से तणासारखे असतात, एक उपटला की शेजारी दोन उगवतात! नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या बायकांकडे असे ढीगभर आहेत. बहुतेकांचं मूळ माझ्या परसात आहे, म्हणून मी ते मान खाली घालून ऐकते.

*

त्या संक्रांतीला मी प्लास्टिकचे डबे न लुटता मोगऱ्याची रोपं लुटली. कुंड्यांतली माती घरचीच, परसातल्या अळवाच्या रानातली. तिथे मी वर्षभर कोयता लावला नव्हता आणि वर त्याला ‘नैसर्गिक बाग’ म्हणायचे.

पवारवहिनींना मातीत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे दिसले. "अगंबाई, खतसुद्धा घातलंय!"

मी लाजून म्हटलं, "घरचंच आहे." मलाही ते खतच वाटलं होतं. ती गोगलगायींची अंडी होती!

*

पावसाळ्यात शेजारच्या देवरेकाकूंनी हाक मारली. त्या मूळच्या सटाण्याच्या. गेलेल्या आईने दिलेलं वालाचं बी त्या दरवर्षी लावायच्या आणि आलेल्या शेंगांतलं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायच्या. या वर्षी सगळे कोंब फस्त! कुंडीच्या काठावर मुठीएवढी गोगलगाय बसली होती.

"बाई, हाई काय शे?"

माझ्या परसात तसल्या डझनभर होत्या. मी म्हटलं, "यंदा हवाच फार दमट आहे हो, काकू!"

"बी संपलं," त्या एवढंच बोलल्या. मला तिथे उभं राहवेना.

*

ग्रुपवर उपायही मीच टाकला: मीठ! पवारवहिनींनी किलोभर ओतलं. आठवड्याने त्यांचा मेसेज आला, "गोगलगायी मजेत आहेत. मोगरा गेला."

मी फोन पालथा ठेवला.

*

शेवटी या गोगलगायी येतात कुठून, ते शोधायला कमिटी नेमली. अध्यक्ष मी! नऊ बागा तपासल्या. माझ्या फाटकाशी आल्यावर पवारवहिनी म्हणाल्या, "इथे काय बघायचं? ही तर आपली एक्स्पर्ट!"

‘या ना आत’ म्हणायला हवं होतं. मी चहा विचारला, तोही फाटकातूनच. नंतर स्वतःची इतकी लाज वाटली, की सगळं अळू मुळासकट उपटून काढलं.

*

पुढच्या संक्रांतीला देवरेकाकूंकडे हळदीकुंकू होतं. मी धीर करून सांगून टाकलं, "काकू, त्या गोगलगायी माझ्याच कुंडीतून आल्या."

"माहीत होतं," मला हळद लावत त्या म्हणाल्या. "मोगऱ्याच्या बुडातूनच निघाल्या ना."

"मग बोलला का नाहीत?"

"वाण कुणी परत करतं का, बाई?"

त्यांनी सगळ्यांना स्टीलच्या वाट्या लुटल्या. माझ्या हातात मिठाची पिशवी ठेवली.