भट्टीत घालायची कोरी मूस

हुपरीच्या गुरुपाद पैंजणवाल्यांची शिवलीला कोल्हापुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि तिचं सगळं नशीब नखाएवढ्या एका काळ्या वडीवर टांगलेलं होतं.

त्या वडीत तांब्याचे अणू. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. एकाचं तोंड वर, तर शेजाऱ्याचं खाली. एकमेकांच्या विरुद्ध राहायचं, हीच त्यांची शिस्त. जस्ताचा अणू मध्ये घुसला की घोटाळा होतो. त्याला चुंबकत्वच नाही. शेजाऱ्यांना विरुद्ध उभं राहायला कुणी उरत नाही, आणि जराशा उष्णतेनंही सगळी घडी विस्कटते. हे जगाला केव्हाच ठाऊक होतं. शिवलीलेच्या वडीत मात्र जस्त नसतानाही घडी विस्कटली. अणूंच्या अंगच्या थरथरीनंच हे होतं, असं तिनं मांडलं. तिचे मार्गदर्शक सर हुरळले. शोधनिबंधावर पहिलं नाव अर्थातच सरांचं.

मग परदेशातल्या प्रयोगशाळेनं तीच वडी बारकाईनं तपासली. आत जस्त निघालं.

"भेसळ तुझ्या हातून झाली," सर म्हणाले, आणि निबंध मागे घेताना सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडून मोकळे झाले. त्यांचं काय जातं? नोकरी पक्की, पेन्शन पक्की. पाच वर्षं पाण्यात गेली ती हिची.

विभागातली भट्टी बिघडली म्हणून ती वडी तिनं घरच्या, चांदी वितळवायच्या भट्टीत भाजली होती. मूस, म्हणजे भाजायचं भांडं, मात्र प्रयोगशाळेतूनच नवी कोरी नेली होती. ती तडक हुपरीला गेली.

"अप्पा, माझ्या मुशीत काय घातलं हुतं?"

"तसं काय न्हाय," गुरुपाद म्हणाले. "कोरी मूस तशीच भट्टीत घालू नये, ही आपल्या घरची रीत. म्हणून सांधे जोडायची जस्त मिसळलेली चांदी तिच्यात जराशी वितळवली, पुसली नि तुला दिली. लेकीच्या कामाला यश यावं म्हणून की."

तिनं सगळं सांगितलं.

"किती निघालं जस्त?"

"शंभरात दोन."

गुरुपादांचा चेहरा एकदम खुलला. "दोनच? अगं, चांदीत एवढ्याला आपण शुद्धच म्हणतो की! जा, सरास्नी नीट समजावून सांग."

"व्हय, सांगते," शिवलीला म्हणाली, आणि उभ्या जन्मात आला नव्हता एवढा तिला बापाचा तिटकारा आला.