चौथी कॉइल

मौनीबाबा गप्प बसला की बाजारातली माणसं त्याच्या दुकानासमोरून पाय न वाजवता जायची, असं मी सांगितलं तर ते अर्धंच खोटं ठरेल. मंगरूळपीरच्या कापडबाजारात त्याच्या वडिलांचं दुकान होतं. घर जैनांचं, नियमधर्म कडक. त्यामुळे हा पंचविशीचा गडी दुकानामागच्या खोलीत दुपारभर न बोलता बसतो आणि ओठ तेवढे हलतात, म्हणजे णमोकाराचा जप चालला असणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि मौनीबाबा हे नावही त्यावरूनच पडलं होतं. खरं काय ते आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांना ठाऊक. तो तारेचे वेढे मोजत असायचा.

आमच्याकडे बास गिटार होती. म्हणजे सुताराकडून सागवानाची करून घेतलेली, चार जाड तारांची एक वस्तू होती आणि आम्ही तिला बास गिटार म्हणत होतो. वाजवायचा मौनीबाबा. तारांखाली मौनीबाबानं स्वतः गुंडाळलेली एक लांबोडकी कॉइल बसवली होती. तार थरथरली की ती कॉइल तो आवाज पकडून अँप्लिफायरकडे पाठवायची. पण ट्यूबलाइटची आणि जनरेटरची घरघरही ती तेवढ्याच प्रेमानं पाठवायची. रिसोडला एका लग्नात आम्ही सुरुवात केली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पंप बंद करा ना बे, गानं आयकू येऊन नाई राह्यलं!" सगळा मांडव हसला. मौनीबाबा हसला नाही. परतीच्या जीपमध्येही तो बोलला नाही, आणि या खेपेला मोजायला तर काही नव्हतं.

मग त्यानं नवं खूळ काढलं. एका कॉइलऐवजी चार, प्रत्येक तारेखाली एक. दोन सुलट्या गुंडाळायच्या, दोन उलट्या, चुंबकही त्याच हिशेबानं उलटेसुलटे. म्हणजे तारेचा आवाज सगळ्यांचा मिळून येतो आणि कॉइली एकमेकींची घरघर खाऊन टाकतात. मात्र चारींचे वेढे सारखे हवेत. फुटक्या रेडिओंच्या स्पीकरमधून त्यानं चुंबक काढले, कुठल्या कुठल्या जळक्या यंत्रांतून केसासारखी बारीक तार सोडवली आणि शिलाई मशीनचं हँडल फिरवत तो कॉइल भरायला बसला. मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर नाही. का, म्हणून एकदा मी चिडून विचारलं, तर हात रिकामा झाल्यावर म्हणाला, "तोंड चाललं का हात चुकते, गड्या."

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आमचा मोठा कार्यक्रम होता, त्या दिवशी तीन कॉइली बसल्या होत्या. चौथी तो भरत होता. तार तेवढ्यापुरतीच उरली होती. तुटली किंवा मोजणी चुकली, तर संपलं. मी दारात उभा राहून मनातल्या मनात देव आठवत होतो, तेवढ्यात बाबूजी आले. त्याचे वडील.

"आज मले जवाब पायजे," ते म्हणाले. "शेलूबाजारच्या नव्या दुकानावर उद्यापासून बसशीन का नाई? नाई म्हनशीन तं या घरात तुयी जागा नाई."

मौनीबाबाचे ओठ हलत राहिले. हँडल फिरत राहिलं. बाबूजींचा चेहरा लाल झाला. मला राहवेना. "बाबूजी, तो मोजून राह्यला. बोलला का सारं गेलं."

"मंजे मौन हाय?"

"तसंच समजा."

माझी खात्री होती की आता मशीन अंगणात जाणार. बाबूजींनी मशीनकडे पाहिलं, मुलाच्या ओठांकडे पाहिलं. मग कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. "मौन कायचंबी असो. म्या तोडलं तं पाप मले."

त्या घरात दिवस मावळल्यावर कोणी अन्नाला शिवत नसे. खिडकीतलं ऊन पिवळं झालं, भिंतीवर चढलं. आतून आई म्हणाल्या, "जेवून घ्या, दिवस बुडून राह्यला." बाबूजींनी नुसता हात हलवला. मौनीबाबाच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकापर्यंत आला. तो पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, आणि माझी पुसायची हिंमत झाली नाही. बापाला उपाशी ठेवणारा हा कसला दगड, असं मला त्या क्षणी वाटलं. ऊन गेलं.

अखेर हँडल थांबलं. त्यानं तारेचं टोक बांधलं, उठला आणि बाबूजींच्या पाया पडला. "येतो बाबूजी. सकाळच्या जीपनं शेलूबाजारले जातो."

बाबूजी बघतच राहिले. "जायचंच होतं, तं हे कोनासाठी?"

"हा वाजवन माह्या जागी." त्यानं माझ्याकडे बोट केलं. मी साधी गिटार खरडणारा माणूस. मला हे तिथंच कळलं. "घरघरनारी गिटार दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?"

बाबूजी न जेवता आत गेले. जिनिंगच्या आवारात मी पहिला सूर वाजवला. जनरेटर शेजारीच होता, पण घरघर नव्हती. मौनीबाबा अँप्लिफायरपाशी पाठ करून उभा होता. मला रडू आलं, आणि ते बासवाल्याला शोभत नाही.

तो गेला तो गेलाच. शेलूबाजारात कापड मोजत बसला, गिटारचं नाव काढेना. काही वर्षांनी एका कॉइलची तार आतून तुटली, तेव्हा मी भीत भीत ती घेऊन गेलो. बाजाराचा दिवस होता, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. बाबूजी आता थकले होते, मुलापाशीच राहत होते. गादीवर बसून होते. मौनीबाबानं कॉइल उजेडात धरून पाहिली आणि कोपऱ्यातलं शिलाई मशीन पुढं ओढलं. ओठ हलू लागले.

इंझोरीचा एक शेतकरी लुगडं घ्यायला आला. "शेठ, हे केवढ्याले?" त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज चढवायला तोंड उघडलं, तेव्हा बाबूजींनी गादीवरूनच त्याच्यापुढं हात जोडले.

"जरा थांबा भाऊ," ते हळूच म्हणाले. "पोराचं मौन हाय."