लाल कापडातला मायक्रोस्कोप

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकती लागले होते. एका सकाळी दगडफेकीत प्रयोगशाळेच्या दोन काचा फुटल्या आणि आमचे सर घाबरले. स्वतःसाठी नव्हे, विभागातल्या एकुलत्या एक चांगल्या मायक्रोस्कोपसाठी. तू काळाचौकीलाच राहतेस, घरी घेऊन जा, असं त्यांनी मला सांगितलं. त्याची लाकडी पेटी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली हरताळात सामील झालेल्या शिपायाकडे. मग टेबलावरचं लाल कापडच गुंडाळलं. एक हात दांड्याला, दुसरा बुडाखाली, छातीशी सरळ धर, तिरका केलास तर वरचं भिंग निसटेल, हे सरांनी तीनदा बजावलं. विद्यार्थ्यांना मी रोज तेच सांगत असे.

लालबागला सगळं बंद होतं. मी नेमकं पांढरं पातळ नेसले होते आणि ठेच लागू नये म्हणून खाली बघत, एकेक पाऊल टाकत चालले होते. समोरून एक म्हातारा गिरणी कामगार आला. त्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कुठला, बाय?"

"कॉलेजातला," मी म्हणाले.

त्याने डोळे पुसले आणि तो माझ्यामागून चालू लागला. त्याच आठवड्यात गोळीबारात माणसं गेली होती. तशाच एखाद्या विद्यार्थ्याच्या अस्थी मी नेतेय असं त्याला वाटलं होतं, हे मला कळलं तोवर मागे पन्नासेक माणसं जमली होती. घोषणा सुरू झाल्या. एका बाईने येऊन लाल कापडावर झेंडूची माळ घातली. अहो, हा मायक्रोस्कोप आहे, असं मी दोनदा म्हणाले, तर ती म्हणाली, रडू नको. हात मोकळे नव्हते, मधेच खाली ठेवायची सोय नव्हती. मी एका गल्लीत वळले, तर मिरवणूकही वळली. एरवी सगळ्या चाळीवर ओरडणारे माझे वडील गॅलरीत हात जोडून उभे राहिलेले दिसले. आपली मुलगी काय घेऊन येतेय, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

चाळीच्या तोंडाशी एका फौजदाराने आम्हाला अडवलं. कापड सोडायला लावलं. मी ओट्यावर तो ठेवला, माळ काढली, कापड उलगडलं.

म्हाताऱ्याने बराच वेळ त्या पितळी नळीकडे पाहिलं. "म्हणजे कोणी गेला नाय?"

"नाही, काका."

"बरा झाला," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर घालून ओट्यावर बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

फौजदाराची मात्र खात्री पटली नव्हती. हे बंदुकीला लावायचं काही नाही कशावरून, चालवून दाखवा, म्हणाला. मी माळेतली एक पाकळी तोडली, त्यातला पातळ पापुद्रा मायक्रोस्कोपच्या चिमट्यात राहिलेल्या काचपट्टीवर ठेवला. आरसा उजेडाकडे फिरवला. कमी ताकदीचं भिंग बाजूने बघत पाकळीजवळ नेलं आणि त्याला सांगितलं, आता वरून बघत मोठा स्क्रू हळूहळू उलटा फिरवा, भिंग फक्त वर घ्यायचं, खाली नाही.

"काळं काळं केसाळ दिसतंय," तो दरडावून म्हणाला.

"त्या तुमच्या पापण्या आहेत, साहेब. थोडं मागे सरा."

तो सरला. स्क्रू फिरत राहिला, मग थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी बारीक स्क्रू अंमळ फिरवून दिला, तेव्हा तो म्हणाला, "खोल्या आहेत. एकीला एक लागून."

मिरवणूक आता जवळ सरकली. ढकलाढकली होऊ लागली तसा फौजदाराने लाठी आडवी धरली आणि बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी अशा दोन रांगा लावल्या. दुपारपर्यंत लोक झेंडू बघत होते, बायका तर आधी बुडाशी कुंकू वाहत होत्या. जो तो चुकीचा डोळा मिटायचा. वडील दोनदा रांगेत उभे राहिले आणि दोन्ही वेळा काही दिसलं नाही तरी दिसलं म्हणाले.

कॉलेज उघडल्यावर मी तो जसाच्या तसा परत नेला. सरांनी भिंगं तपासली, स्क्रू फिरवून पाहिले आणि बुडाला कुंकू कसं लागलं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी त्यातलं अक्षरही खरं मानलं नाही.