पंधराशे मीटरची शंका

मौलाली नदाफ कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसे. दूध बोटावर घेऊन बघितल्याशिवाय तो दूधवाल्यापुढं पातेलं धरायचा नाही. मंगळवार पेठेतल्या त्याच्या घरी बायको म्हणायची, "ह्यानं आरशात बघितलं तरी वाटायचं, समोर हा कोण पावणा आलाय."

पन्हाळ्याच्या रस्त्याला एक नावाजलेलं खासगी विद्यापीठ आहे. तिथलं मैदान मौलाली सांभाळायचा. विद्यापीठ व्हायच्या आधी तिथं नुसतं कॉलेज होतं, तेव्हापासून तो होता. आता काचेची लायब्ररी झाली, गारेगार वर्ग झाले, पोरं-पोरी गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून कॉफीचे कागदी पेले घेऊन हिंडायला लागली. धावपट्टी मात्र अजून मातीचीच होती. दर पावसाळ्यानंतर ती दाबून, मापून, चुन्यानं आखायची, हे मौलालीचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

विशीत तो स्वतः पळायचा. शिरोळकडच्या एका जत्रेत तो सरळ सरळ पहिला आला होता, आणि पंचांनी गावच्या पुढाऱ्याच्या भाच्याचा हात वर केला. ते पोरगं त्याच्या मागं चार पावलं होतं. तेव्हापासून चांगल्या घरचं पोरगं जिंकलं, की मौलालीला आधी त्यात लबाडी दिसायची.

मोहित तसलाच. शिरोळच्या मोठ्या ऊस बागायतदाराचा मुलगा, खेळाच्या जागेतून प्रवेश घेतलेला. पंधराशे मीटर पळायचा. जीपमधून यायचा, बूट दर दोन महिन्यांनी नवे. आणि वर्गात कुणाच्या शेजारी बसायचा? तर मौलालीच्या नसरीनच्या. नसरीन संख्याशास्त्र शिकत होती, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागेवर, आणि वर्गात पहिली यायची. सरावाच्या नादात मोहितचे तास बुडायचे, मग वह्या मागायला तो तिच्याकडं. मौलालीला हे मुळीच रुचत नव्हतं.

"त्येला दुसऱ्या कुणाच्या वह्या घावत न्हाईत व्हय?" त्यानं एकदा विचारलं.

"माझं अक्षर चांगलं हाय, अब्बा," नसरीन म्हणाली आणि जेवायला लागली. मौलालीचं समाधान झालं नाही.

नोव्हेंबरात, नवी आखणी होऊन दोनच दिवस झाले असताना, विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धा झाल्या. पंधराशे मीटरमध्ये मोहितनं चार मिनिटं सहा सेकंदांची वेळ दिली. आंतरविद्यापीठ स्पर्धेत जायला चार-आठ लागत होते. क्रीडा संचालक गुरुप्रसाद सरांनी घड्याळ वर धरलं आणि सगळं मैदान ओरडलं. दुसऱ्या दिवशी मोहितचा फोटो विद्यापीठाच्या पानावर झळकला.

मौलाली चुन्याची पाटी घेऊन उभा होता. त्याच्या मनात एकच गोष्ट आली. ह्या पोराचं पळणं तो रोज बघत होता. चार-दहाच्या आत ते कधी आलं नव्हतं. मग हे चार सेकंद आले कुठनं?

त्यानं गुरुप्रसाद सरांवर नजर ठेवायला सुरुवात केली. घड्याळ त्यांच्याच हातात होतं. सर मोहितच्या वडिलांबरोबर कॅन्टीनमध्ये हसत बसलेले त्याला दिसले. निकालाचा कागद फळ्यावरून लवकरच काढला, तेही त्यानं हेरलं. काढायच्या आधी त्यानं फोनवर त्याचा फोटो घेऊन ठेवला होता. घरी येऊन त्यानं तो नसरीनपुढं सरकवला.

"बघ. तुझ्या त्या दोस्ताची चोरी."

नसरीननं फोटोतला निकाल बघितला. मग गेल्या महिन्यात शहरातल्या दुसऱ्या मैदानावर झालेल्या चाचणीचे आकडे तिनं मैत्रिणीकडून मागवले आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहिले. मौलाली वाट बघत बसला. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं.

"अब्बा, एकट्या मोहितची वेळ कमी झाली न्हाय. शर्यतीतल्या आठही जणांची चार सेकंदांच्या आसपास कमी झालीया. शेवटी आलेल्याचीसुद्धा."

"मग घड्याळच खोटं."

"घड्याळ खोटं असतं तर शंभर मीटरला पण फरक पडला असता. तिथं काहीच न्हाय. चारशेला एक सेकंद, पंधराशेला चार. शंभर मीटर सरळ पळतात. फरक वळणावर हाय."

वळणं कुणी आखली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी उजाडताच तो मैदानावर गेला. त्याच्या जुन्या टेपचा पहिला मीटर कधीच तुटला होता. टोकाला कडी लावून तो टेप वापरायचा, आणि प्रत्येक मापात एक मिळवायचा. इतकी वर्षं हे न चुकता चाललं होतं. वळणाच्या मध्यातल्या खुंटीत कडी अडकवून त्यानं टेप ताणला. त्रिज्या साडेसदतीस, म्हणजे एक मिळवून चुन्याची रेघ टेपच्या साडेअडतीसवर यायला हवी होती. ती साडेसदतीसवर होती. दुसऱ्या वळणावर गेला, तिथंही तेच. दोन्हीकडं एक मीटर आत. म्हणजे एका फेरीला सहा मीटरांहून जास्त खाल्ले होते. कुणी? त्यानंच.

तो तिथंच मातीत बसला. आखणीची ती सकाळ त्याला स्वच्छ आठवली. समोरच्या पायऱ्यांवर मोहित आणि नसरीन वही उघडून बसले होते. हात टेप ओढत होता आणि डोळे पायऱ्यांवर होते. एक मिळवायचा राहून गेला तो तेव्हा.

तो तसाच गुरुप्रसाद सरांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. मग ते उठून दार लावून आले.

"मामा, कुणी सांगितलं तुम्हाला हे बोलायला?"

"कुणी न्हाय. माझी चूक हाय."

"स्पर्धा होऊन गेल्यावर बरी सापडली चूक! दुसऱ्या कुठल्या पोरासाठी वशिला घेऊन आलाय काय?"

मौलालीच्या कानांना ते शब्द नवे नव्हते. मनातल्या मनात हेच तो इतरांविषयी बोलत आला होता. "सर, टेप घेऊन चला की," तो म्हणाला. "पोरगं तिकडं खऱ्या पट्टीवर पळणार. हितं गप्प बसलो तर तिथं समद्यांसमोर तोंडावर पडंल."

सर आले, मापलं, आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागणार, असं कपाळ चोळत म्हणाले.

आठ दिवसांनी नव्या आखणीवर पुन्हा शर्यत झाली. मोहित जीव तोडून पळाला. चार-नऊ आणि वर थोडं. दीड सेकंदानं त्याची संधी हुकली. रेषेपलीकडं तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला. पोरांत कुजबुज सुरू झाली की मामानं ह्या वेळी मुद्दाम रेघ बाहेर सरकवली. मौलाली समोरून गेला की ती गप्प व्हायची.

त्या संध्याकाळी त्यानं नसरीनला आखणीच्या सकाळचं सांगितलं. "तुमच्याकडं बघत हुतो. म्हणून चुकलं."

"तो मला सरासरी काढायचं विचारत हुता, अब्बा." ती एवढंच म्हणाली आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी डबा भरून देताना ती म्हणाली, "पोराची माफी मागा. माझी नको." तिचा आवाज कडकच होता, पण बोलली हेच त्याला पुष्कळ होतं.

माफी मागायला जावं लागलं नाही. त्याच दिवशी मोहित आपणहून मैदानावर आला. हातात नवा कोरा टेप होता.

"मामा, मला सगळी पट्टी स्वतः मापायचीय. राग मानू नका, पर तुमच्यावर आता भरवसा न्हाय."

मौलालीला राग आला नाही. उलट एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. "पोरा, माझ्यामुळं तुझी आशा वाढली आणि माझ्यामुळंच मोडली," तो म्हणाला. "ते मला भरून देता यायचं न्हाय."

"न्हायच येणार," मोहित म्हणाला. "खुंटी कुठं हाय ते दाखवा."

दोघांनी ऊन तापेपर्यंत दोन्ही वळणं मापली. मोहित आकडा वाचायचा, मौलाली त्याला पुन्हा वाचायला लावायचा, आणि मोहित निमूटपणे पुन्हा वाचायचा. माप बरोबर निघालं. मोहितनं टेप गुंडाळला, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि बाहेरच्या पट्टीवरून हळूहळू पळायला लागला. पुढच्या वर्षाच्या चाचणीला अजून अकरा महिने होते.