मकचिकचा बत्ता

आखातात, मुऐदरमध्ये, आमच्या व्हिलाच्या पलीकडच्या भागात एक मलय जोडपं राहायचं. ती गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर. नवरा तिच्या व्हिसावर आलेला, नोकरीच्या शोधात. त्या हिवाळ्यात तिची आई राहायला आली होती. आईला मी मकचिक म्हणायचे. त्यांच्याकडे मावशीला तसं म्हणतात.

मधली भिंत पातळ होती. रात्री आवाज चढायचे, काहीतरी आपटायचं. सकाळी ती लांब बाह्यांचा शर्ट घालून कामावर जायची.

तिला शिफ्टची प्रमुख केलं, त्याच शुक्रवारी दुपारी किंकाळी ऐकू आली. मी धावले. त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरत होतं. बढती नाकार, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याचा दंड ओढला, तर कोपर असं बसलं की माझा ओठ फुटला.

तेवढ्यात मकचिक मिरची कुटायचा दगडी बत्ता घेऊन आली. तिनं तो त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडत खाली बसला. मकचिक लेकीकडे वळून हळू आवाजात त्यांच्या भाषेत काही बोलली.

इमर्जन्सीत टाके घालून घेताना लेकीनं मला सगळं सांगितलं. तिचा बाप मासेमार. थोरल्या बहिणीला त्यानं शाळेतून काढून उजवलं. हिच्या लग्नाची वेळ आली, तेव्हा आईनं तिला परस्पर हॉस्टेलच्या शाळेत नेऊन सोडलं. बापानं वल्ह्यानं आईचा हात मोडला. आईला अक्षर येत नव्हतं, कमाई नव्हती. ती त्याच घरात राहिली. हिच्या कॉलेजात मात्र मुलीच जास्त होत्या, आणि कितीतरी जणींच्या आयांची अशीच गोष्ट होती.

“आणि आज काय म्हणाली आई?” मी विचारलं.

“म्हणाली, तुझ्या वाट्याचा मार मी तेव्हाच खाल्लाय. ऊठ, गाडी काढ.”

पोलिसांना लेकीनं स्वतःच फोन केला. मनगट कुणी मोडलं, हे नवऱ्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. सासूचं नाव घ्यायची लाज वाटली असावी. तिनं त्याचा व्हिसा रद्द केला आणि तो मायदेशी परत गेला.

टाके निघाल्यावर ती शिफ्टची प्रमुख म्हणून रुजू झाली. भुवईवरच्या खुणेबद्दल कुणी विचारलं तर ती खरं सांगायची.