निळ्या शर्टावरच्या सह्या
इथं तामिळनाडूतल्या गोदामात खोक्यावर पत्ता लिहायला मार्करचं टोपण काढलं, की त्या उग्र वासासरशी मला क्रांती चौकाजवळचं आमचं कॉलेज आठवतं. बारावीचा शेवटचा दिवस होता. मी दिवाळीतच शिक्षण सोडून वाळूजच्या एका कंपनीत लागलो होतो, म्हणून फाटकाबाहेरच उभा राहिलो. आत सगळे एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर सह्या करत होते आणि माझ्या अंगात कंपनीचा गडद निळा शर्ट. एनसीसीवाल्या मित्रानं मला पाहिलं आणि दंडाला धरून आत ओढलं. "पाठ कर इकडं." "अरे, माझं नाव कवाच कटलंय. आन् ह्याच्यावर काळी शाई दिसणार बी नाय." "तुला कुठं पाठीवरचं वाचायचंय? गप उभा राह्य!" त्यानं कवायतीसारखी ताठ सही ठोकली. विज्ञान मंडळातली अबोल मुलगी कसलंसं सूत्र पुटपुटत लिहीत राहिली, नाटकवाल्यानं तर अख्खा खांदाच व्यापला. मार्करचं टोक पाठीवरून फिरत होतं तेवढा वेळ मी त्यांच्यातलाच होतो. घरी येऊन शर्ट उन्हात धरला, तर एक अक्षर दिसेना. पुढं कंपनीनं कामावरून कमी केलं आणि शर्टही जमा करून घेतला. उद्या इथलं काम टिकेल का, ह्या धास्तीत मी दुसऱ्यांचे पत्ते लिहीत असतो. त्या पोरांचे उपकार विसरलो नाही, पण दाखवायला माझ्याकडं काहीच नाही. तो शर्ट आता दुसराच कुणी घालत असेल, आणि माझे मित्र त्याच्या पाठीवर असतील.