दामूचा डबा बंद कर

माझ्या हातून सहसा चूक होत नाही. झाली तर मी ती सांगत नाही. ही सांगतो, कारण बायकोने ती आधीच अर्ध्या गावाला सांगितली आहे, आणि तिच्या सांगण्यात मी शिडीवरून पडतो. मी पडलो नव्हतो. एवढं आधी ऐकून घ्या, मग चहा प्या.

माझं शिक्षण चौथी. पण रोह्याच्या एका कंपनीत तीस वर्षं वायरमनच्या हाताखाली काढली आहेत, तिन्ही शिफ्ट. वायर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायचं नाही. हे वाक्य मी पूर्वी दिवसातून दोनदा म्हणायचो. आता म्हणत नाही. का, तेच सांगतो.

आमचं गाव पेणहून वडखळला जाताना आत लागतं. घर कौलारू. मधे भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. अर्धं माझं, अर्धं धाकट्या दामूचं. भिंत फक्त खाली आहे. वरचा माळा एकच राहिला, कारण तिथपर्यंत विटा पुरल्या नाहीत.

मी थोरला. होळीत घराचा पहिला नारळ मी टाकतो, दामू मागून. एकदा त्याने आधी टाकला. त्यावरून दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. म्हणजे तो बोलायचा, मी उत्तर देत नव्हतो.

आमचा मुलगा विनायक जहाजावर आहे. जहाज बंदराला लागलं की रविवारी संध्याकाळी सातला त्याचा कॉल येतो, तोंड दिसतं तो. माझा फोन साधा, आणि दामूच्या मोबाईलवर माणसाचं तोंड केवढं दिसणार? लिंबाएवढं. माझ्या बायकोची, यमुनेची, दोन्ही डोळ्यांची नजर उतरत चालली होती. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण नजर किती राहील ते आत्ता सांगत नाही. म्हणून विनायकने टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याच्यावर पोराचं तोंड परातीएवढं. यमुना खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसायची. तिला तेवढ्याचीच आस होती. आहे तोवर पोराला बघून घ्यायचं.

आणि तेच होईना. विनायक बोलता बोलता गोठायचा. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.

"अवो, ह्याला काय झालं? बरा हाय ना ह्यो?"

"नेट अडकलंय."

"नेट अडकलं तर तोंड कशाला वाकडं झालं?"

मग कॉल तुटायचा. यमुना काळ्या काचेकडे बघत बसायची. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी रागवायचो. दुसरं मला येत नाही.

कॉम्प्युटरचं खोकं रिक्षात घालून पेणला नेलं. दुकानात म्हात्रेबाई असतात. पस्तिशीच्या, चष्मा, बोलणं तोडून. त्यांनी सगळं विचारून घेतलं. नेटचा डबा कुठे? माळ्यावर. शेजारी कोणाचा डबा? दामूचा. किती लांब? हातभर. एकाच तुळईवर एक उजवीकडे, एक डावीकडे.

"मग काय होणार, काका? दोन माणसं एकाच वेळी एकाच वाटेवर ओरडली तर तिसऱ्याला काय कळणार? वायरलेस आहे ते. एकाचं दुसऱ्यात घुसतं."

"म्हणजे दामू घुसतो."

"दामूकाका नाय, त्यांचा सिग्नल. तुमचाही त्यांच्यात घुसतच असणार."

हे शेवटचं मी ऐकलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

बाई म्हणाल्या, "डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाका. मी आत लावून देते, वायर पहिली, वायरलेस दुसरं. वायर असेल तोवर त्याच्यावरच चालणार. वायर गेली तर आपोआप वायरलेसवर."

वायरला पहिला मान! मला बाई पटल्या. पण एक खटकलं.

"दुसरं कशाला?"

"राखीव. मागे खोचलेली ती बोटभर दांडी आहे ना, वायरलेसची, ती काढू नका."

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ती दांडी उपटली आणि मिसरीच्या रिकाम्या डबीत टाकली. एका घरात दोन मालक नकोत.

मग वायर टाकली. मागच्या खोलीत शिडी लावून माळ्यावर चढलो. जुना जिना पुढच्या पडवीत होता, तो वाटणीत दामूकडे गेला. माळ्यावर दोन डबे, सारखेच, हिरवे दिवे लुकलुकत. डबे बसवणारा फिटर मला सांगून गेला होता, 'तुमचा उजव्या हाताचा.' उजव्या हाताच्या डब्यात वायर खोचली. टोकाला ओळखीसाठी लाल पट्टी गुंडाळली, कंपनीत करायचो तशी. खिळ्यांची ओळ बघाल तर दोरी धरून मारल्यासारखी. कुठे झोळ नाही.

आठवडाभर काय नेट चाललं! यमुना दुपारी भजनं ऐकायची, मधे एक टाळ चुकला नाही. मी ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचो, वायर ती वायर.

फक्त दामू कुरकुरत आला. "दादा, दोन-चार दिस माझा टीव्ही लय अडकतो रे."

"डबा हलका घेतलास. भोग."

रविवार आला. सगळं चोख होतं, पण शंकेला जागा ठेवायची नाही, असा माझा स्वभाव. पावणेसातला भिंतीवर थाप मारली. "दामू! डबा बंद कर तुझा. साडेसातपर्यंत. विनायकचा कॉल हाय."

"व्हय दादा."

आणि सातच्या ठोक्याला माझं नेट मेलं.

पूर्ण मेलं. गोठणं नाही, अडकणं नाही. यमुना नवं लुगडं नेसून बसली होती. साडेसातला उठली, दिवा लावला. आठला नेट आपोआप आलं. भजन सुरू!

तुम्ही काय समजला असता? मी समजलो, दामूने डबा बंद केलाच नाही.

पुढच्या रविवारी मी स्वतः त्याच्याकडे गेलो. समोर उभं राहून डब्याचं खालचं बटण बंद करवलं. घरी आलो तर नेट मेलेलं.

तिसऱ्या रविवारी त्याचा टीव्ही बंद, मिक्सर बंद, दोघांचे मोबाईल बंद. त्याची बायको म्हणाली, "भावजी, पंखा तरी ऱ्हाऊ द्या." पंखाही बंद, दिवेही बंद! ती माणसं अंधारात पुठ्ठ्याने वारा घेत बसली. माझं नेट? मेलेलं.

सोमवार ते शनिवार ठणठणीत, रविवारी सातला मरायचं. यमुना म्हणाली, कोणाची नजर लागली असेल. तिच्या तोंडून नजर हा शब्द आला आणि मी बाहेर जाऊन बसलो.

दामू एकदा दबकत आला. "दादा, रागवू नको. आपण दोघं एकदा माळ्यावर जाऊन बघूया का? मला वाटतं, ती तुझी वायर..."

"वायर?" मी उभाच राहिलो. "वायर म्हणजे काय, हे मला तू शिकवणार? चल, नीघ."

तो गेला. चप्पल घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला.

मग शेवटचा रविवार. शेवटचा म्हणतो, कारण विनायकचं जहाज सोमवारी पहाटे सुटणार होतं, पुढे तीन महिने लांबचा पल्ला, कॉल नाही. आणि बुधवारी यमुनेचं ऑपरेशन. तिने आठवडाभर त्याचा विषय काढला नव्हता. फक्त रविवारी दुपारी म्हणाली, "आज लागलं तर बरं."

दामू त्या दिवशी रोह्याला लेकीकडे निघाला होता. मी दारात आडवा.

"डबा?"

"दादा, ह्या वेळेला मेन स्विचच बंद करून जातो. मग तर झालं?"

"कर."

त्याने माझ्यासमोर मेन स्विच खाली ओढला, कुलूप लावलं आणि गेला. अर्धं घर काळोखात. आता कोण घुसतं बघू!

सात वाजले. नेट मेलं... चुकलो. नेट दुपारीच मेलं होतं, दामू गेला तेव्हाच. मी कॉम्प्युटर सातलाच लावला.

माझा साधा फोन वाजला. विनायक. "बाबा, लावतोय पण तुमच्याकडे लागत नाय. साडेसातला मला जहाजावर परत जायला हवं."

यमुना पडद्यासमोर बसलेली. पडदा काळा. तरी नाक लावून बसलेली. म्हणाली, "फोनवर आवाज तर येतोय. आवाजावर भागवीन मी. तुम्ही ओरडू नका."

मी ओरडत नव्हतो. मी बॅटरी घेतली आणि शिडी चढलो. दामूने मेन बंद करून वर कुठून तरी चोरून लाईट घेतली असणार, हे शोधायला! काय डोकं बघा. शेवटची शंकाही भावावरच.

माळ्यावर बॅटरी मारली. उजवीकडचा डबा मेलेला, एक दिवा नाही. दामू खरं बोलला होता. आणि त्या मेलेल्या डब्यातून एक पांढरी वायर बाहेर आली होती. टोकाला लाल पट्टी. कंपनीत करायचो तशी.

डावीकडे हातभर अंतरावर दुसरा डबा हिरवा लुकलुकत होता. माझा. महिनाभर एकटाच, कोणी न विचारलेला.

फिटरने सांगितलं तेव्हा आम्ही दामूच्या जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. तिथून उजवा तो माझा. मी चढलो मागून. उजवा हात तोच होता, तोंड उलट होतं.

म्हणजे काय झालं होतं, समजलं ना? मी दामूच्या नेटवर जगत होतो. त्याचा टीव्ही मीच अडकवत होतो. आणि दर रविवारी सातच्या आधी दामूला सांगून मी माझंच नेट बंद करवत होतो. राखीव म्हणून जे धावून आलं असतं, ते मिसरीच्या डबीत.

वायर उपटली, डाव्या डब्यात खोचली. खालून यमुनेचा आवाज आला, "अवो! आला! ह्यो बघा आला!"

मी उतरताना शेवटची पायरी चुकलो. पडलो नाही. बसलो.

सहा मिनिटं मिळाली. यमुना नुसती बघत होती, वरून खाली, जसं भाताचं रोप बघतात. शेवटी काचेवर बोट ठेवून म्हणाली, "कानावरचे केस पिकले रे तुझे." इतक्या कॉलांत मला ते दिसलं नव्हतं. माझी नजर चांगली आहे.

कॉल संपल्यावर मी दामूला रोह्याला फोन लावला. मी बोलायच्या आधीच तो घाबरला. "दादा, देवाशपथ मेन बंद हाय!"

"ठाऊक हाय."

"मग?"

"वायर तुझ्या डब्यात होती. मी घातलेली."

मला वाटलं, आता दोन वर्षं हा बोलणार नाही. त्याचा हक्कच होता.

"म्हणजे वहिनी भजनं ऐकायची ती माझ्या नेटवर?"

"व्हय."

"मग ऐकू द्यायची ना. बंद करायला कशाला सांगत होतास?"

मी फोन ठेवला.

बुधवारी ऑपरेशन झालं. एका डोळ्याला गुण आला नाही. दुसऱ्याने तिला धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. त्या महिन्यातले चार रविवार मी मोजत नाही. मोजले तर झोप येत नाही.

म्हात्रेबाई घरी येऊन गेल्या. दांडी पुन्हा खोचली. वायर पहिली, वायरलेस दुसरं. मी म्हटलं, असू दे. जाताना त्या यमुनेला म्हणाल्या, "काकी, तरीपण कधी अडकलं, तर कॉलच्या वेळेला मधे येणारं जे असेल ते बंद ठेवा."

तीन महिन्यांनी परवा विनायकचा कॉल आला. दामू आणि त्याची बायको मुद्दाम आमच्याकडे येऊन बसली. मी सवयीने म्हणालो, "दामू, तुझा डबा..."

"त्याचा डबा चालू ऱ्हाऊ दे," यमुना पडद्यावरून मान न हलवता म्हणाली. "टीव्ही चालू ऱ्हाऊ दे, पंखा चालू ऱ्हाऊ दे. फक्त तुम्ही बंद ऱ्हावा."

मी बंद राहिलो. कॉल अर्धा तास चालला. एकदाही अडकला नाही.